बसायचं कधी?

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत श्रीलंकेला जायचं आमच्या घरी ठरलं आणि बेत आखण्याचं काम माझ्याकडे आलं. हाताशी सात रात्री होत्या. मी उत्साहाने कागदावर सहा मुक्काम मांडले : नेगोंबो, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, गॉल आणि कोलंबो. आई तेव्हा ७४ वर्षांची. तिने चष्मा लावून कागद वाचला आणि म्हणाली, "अरे, बघायचं काय ते कळलं. पण बसायचं कधी?"

त्या प्रश्नाने माझा बेत मोडला आणि सहल वाचली.

माझी पहिली चूक म्हणजे मी किलोमीटर मोजले, तास मोजले नाहीत. कोलंबोहून कँडी सुमारे ११५ किलोमीटर. आपल्याला द्रुतगती मार्गाची सवय, त्यामुळे हे अंतर दोन तासांचं वाटतं. पण गावागावांतून आणि घाटातून जाणारा तो रस्ता साडेतीन तास सहज घेतो. शिवाय मुक्काम हलवायचा म्हणजे सामान बांधा, हॉटेलचा हिशेब करा, नव्या ठिकाणी खोली मिळेपर्यंत ताटकळा. अर्धा दिवस त्यातच संपतो. सहा मुक्काम म्हणजे पाच वेळा बांधाबांध, म्हणजे अडीच दिवस गेले! पुण्याहून मुंबईचा विमानतळ गाठण्याचे तास वेगळेच.

दुसरी चूक पावसाची. उष्ण प्रदेशातला देश म्हणजे बारा महिने ऊन, असं आपण धरून चालतो. वास्तविक पुणेकरांना तरी हे सांगायला नको. ताम्हिणीत धो धो पाऊस पडत असतो तेव्हा बारामतीत नुसतेच ढग असतात. श्रीलंकेतही मधले डोंगर हेच काम करतात. साधारण मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस गॉल, कोलंबोच्या बाजूला पडतो आणि पूर्व किनारा बराचसा कोरडा राहतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येचा पाऊस पूर्वेला आणि उत्तरेला पडतो, तेव्हा दक्षिणेचे किनारे चांगले. मी नेमका मे महिन्यात गॉलचा समुद्र निवडला होता!

मग आम्ही कागद नव्याने मांडला. प्रत्येकाने एकच इच्छा सांगायची असं ठरलं. आईला कँडीचं दंतमंदिर पाहायचं होतं, मुलाला समुद्र हवा होता, पत्नीला चहाचे मळे आणि मला सिगिरिया. त्यातून तीन मुक्काम निघाले : सिगिरियासाठी दांबुल्लाला दोन रात्री, पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमालीला दोन आणि कँडीला तीन. कँडीजवळच हंतानाला चहाचं संग्रहालय आहे आणि आसपास मळेही आहेत, म्हणून नुवारा एलिया गाळलं. गॉल आणि कोलंबोही गेले. वाईट वाटलं, नाही असं नाही.

सिगिरियाचा कातळ पाचव्या शतकातल्या काश्यप राजाचा. १९८२ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. वर जायला सुमारे बाराशे पायऱ्या, म्हणजे आपल्या बारा पर्वत्या एकावर एक! आम्ही पहाटेच निघालो, कारण दहानंतर तो दगड तापतो. आई पायथ्याच्या जुन्या जलउद्यानात सावलीला बसली. तिच्यासाठी सिगिरिया गाळावं लागलं नाही, फक्त तिला बसायला जागा शोधावी लागली. त्रिंकोमालीला समुद्रावरच्या कड्यावर कोणेश्वराचं मंदिर आहे. तिथे तिने शंकराला नमस्कार केला आणि खाली मुलगा पाण्यात डुंबत राहिला.

आणखी दोन गोष्टी निघण्यापूर्वी पाहाव्यात. श्रीलंकेत दर पौर्णिमेला 'पोया'ची सुट्टी असते. वेसाक, म्हणजे बुद्धपौर्णिमेचा उत्सव, बहुधा मे महिन्यात येतो. रोषणाई सुंदर असते, पण गर्दीही तशीच, तेव्हा कॅलेंडर पाहूनच खोल्या घ्या. दुसरं, नोव्हेंबर २०२५ मध्ये 'दितवा' चक्रीवादळाने तिथल्या डोंगरी भागातल्या रस्त्यांचं आणि रेल्वेमार्गांचं मोठं नुकसान केलं. त्या भागात जायचं असेल, तर रस्ते आणि गाड्या यांची ताजी चौकशी केल्याशिवाय तिकिटं काढू नका. एक दिवस मोकळा ठेवला असेल, तर असा खोळंबा झाला तरी सगळी सहल कोलमडत नाही.

शेवटच्या संध्याकाळी कँडीच्या तळ्याकाठी आई बाकावर बसली होती. मंदिरातून पूजेच्या ढोलांचा आवाज येत होता. तासभर कुणी उठा म्हणालं नाही. गॉल आम्ही अजून पाहिलेलं नाही. पण श्रीलंकेचा विषय निघाला की आई आधी त्या बाकाबद्दल सांगते, मंदिराबद्दल नंतर.