सत्तरीनंतरची निवड
(पनवेल येथे केलेले भाषण)



२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेचे दार खुले झाले आहे. कुटुंबातील अशा वृद्धांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार विनामूल्य मिळतात. वय आधारपत्रावरून ठरते. खाजगी विमा असल्यास तो सोडावा लागत नाही.

मात्र केंद्र सरकारी आरोग्य योजनेतील निवृत्तांना व माजी सैनिकांना दोहोंपैकी एकच योजना निवडावयाची आहे, तीही एकदाच. त्यांच्या जुन्या योजनेत बाह्यरुग्ण तपासणी व नित्याची औषधे मिळतात. आयुष्मानमध्ये ती नाहीत. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या घेणाऱ्यास हा फरक मोठा आहे.

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी तो आधी समजावून सांगावा. अर्ज मागाहून भरावा.