न शोधता सापडणारा साप

वाळवंटात साप शोधीत हिंडणारे अभ्यासक असतात. आमच्या गोंदियाकडील तेंदूपत्ता तोडणाऱ्या मजुराला तो न शोधताच सापडतो. मे महिन्याच्या पहाटे झुडपापाशी घोणस, धानाच्या बांधीत नाग, आणि पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्याच्या अंथरुणात मण्यार! मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही, सुजतही नाही. घरचे उजाडण्याची वाट पाहतात. तोवर श्वास बंद पडू लागतो. आपल्या देशात तयार होणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालते. परंतु ते मांत्रिकाजवळ नसते, दवाखान्यात असते. म्हणून आम्ही मजुरांस सांगतो, पुड्याच्या दराबरोबर जवळच्या आरोग्यकेंद्रात प्रतिविष मागा, रात्री वाहन मागा, घरात खाट आणि मच्छरदाणी करा. साप मारून मजूर वाचत नाही. धामण तर उंदीर खाऊन आपलेच धान राखते.