शुश्रूषेची मूलतत्त्वे

(समाजाच्या वार्षिक संमेलनात संग्रामपूर येथे परिचारिका-परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थिनींसमोर केलेले भाषण)



रुग्णपरिचर्येवर बोलण्यास आम्हांस उभे केले, याचे आपल्यापैकी अनेकांस आश्चर्य वाटले असेल. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारे आयुष्य गेले खडू-फळ्याच्या सहवासात. वैद्यकशास्त्रावर अधिकार सांगण्याचा आमचा मुळीच मानस नाही. तथापि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत समाजातील काही मुली ‘नर्सिंग फाउंडेशन’ या विषयाच्या वह्या घेऊन आमच्या घरी आल्या आणि ‘गुरुजी, हे सारे पाठ कसे करावे?’ असे विचारू लागल्या. त्या वह्या आम्ही त्यांच्यासह अथपासून इतिपर्यंत वाचल्या. त्यांतून आम्हांस एवढेच उमगले की, या विषयात पाठ करण्याजोगे थोडे आणि समजून घेण्याजोगे फार आहे. ‘काय करावे’ याच्या शेजारी ‘का’ आणि ‘केव्हा’ हे दोन शब्द लिहिल्यावाचून यातील कोणतेही उत्तर पुरे होत नाही.

हे आम्हांस वह्यांपूर्वीच कळावयास हवे होते. आमच्या मातोश्री अर्धांगवायूने अंथरुणास खिळल्या, तेव्हा आम्ही त्यांची सेवा मनोभावे केली. औषध वेळेवर, पेज वेळेवर, देवाचे तीर्थही वेळेवर. हलविले तर त्यांस क्लेश होतील, म्हणून मात्र आम्ही त्यांस उताणेच निजवून ठेविले. काही दिवसांनी एक परिचारिका घरी आली. तिने चादर दूर सारून त्यांची पाठ पाहिली आणि ती क्षणभर काहीच बोलली नाही. माकडहाडावर रुपयाएवढा व्रण पडला होता. ‘गुरुजी, दर दोन तासांनी कूस बदलली असती, तर हे टळले असते,’ एवढेच ती शांतपणे म्हणाली. त्या मुलीचे वय आमच्या विद्यार्थिनींएवढे होते. आमच्यापाशी माया होती. तिच्यापाशी ज्ञान होते. मातोश्री पुढे गेल्या, पण ते वाक्य आमच्यापाशी राहिले आहे.

मुलींनो, या शय्याव्रणावर, ज्यास तुम्ही बेडसोर म्हणता, परीक्षेत प्रश्न हमखास येतो. त्याचे कारण प्रथम ध्यानी घ्या. हाड आणि बिछाना यांच्यामध्ये कातडी सतत दाबली गेली, की तेथील रक्तप्रवाह खुंटतो व ती जागा उपाशी मरते. हे एकदा समजले की यादी पाठ करावी लागत नाही. जेथे हाड कातडीच्या लगत आहे तेथे धोका, म्हणजे माकडहाड, टाचा, खुबे, कोपर, खांद्याची फरी आणि डोक्याची मागची बाजू. दाब हलता ठेवावयाचा, म्हणून साधारणतः दर दोन तासांनी कूस पालटावयाची. घर्षण टाळावयाचे, म्हणून रुग्णास ओढून न सरकवता उचलून सरकवावयाचे आणि चादरीस सुरकुती राहू द्यावयाची नाही. ओलसर कातडी लवकर फाटते, म्हणून ती कोरडी ठेवावयाची. जुन्या वह्यांतून लाल झालेली जागा चोळण्यास सांगितलेले आढळते. आज ते निषिद्ध मानले जाते, कारण चोळल्याने आतील इजा वाढते. आणखी एक गोष्ट: आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली सहज दिसत नाही. तेव्हा हात लावून ऊब, कठीणपणा अथवा दुखरेपणा पाहावा.

हे किरकोळ काम आहे असे कोणास वाटेल, तर त्याने मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाकडे पाहावे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या नोव्हेंबरात एका अमानुष हल्ल्यास बळी पडल्या आणि पुन्हा शुद्धीवर अशा आल्याच नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांस न्हाऊ घातले, भरविले, कुशीवर वळविले. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, पण हात थांबले नाहीत. एवढ्या काळात त्यांच्या अंगावर शय्याव्रण पडू दिला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालपत्रातही आहे. तुमच्या पुस्तकातील पान अर्ध्या पानाचे. त्याचे आचरण मात्र एक्केचाळीस वर्षांचे!

आता इतर काही गोष्टी थोडक्यात. हात धुणे हा पहिला पाठ. साबण-पाण्याने चाळीस ते साठ सेकंद, आणि तेही रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी व केल्यानंतर. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टराने १८४७ साली हात धुण्याची सक्ती केली, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले; हे ‘का’ लक्षात असले म्हणजे पायऱ्या विसरत नाहीत. नाडी मिनिटास ६० ते १००, श्वास १२ ते २०, हे आकडे तुम्हांस येतातच. पण श्वास मोजताना बोटे नाडीवरच का ठेवावयाची? आपले श्वास मोजले जात आहेत हे कळताच रुग्णाची श्वासाची गती बदलते म्हणून. तसेच, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालण्याची आपल्या घराघरांत चाल आहे. ते पाणी श्वासनलिकेत उतरून जीवावर बेतू शकते. त्यास कुशीवर निजवावे, तोंडात काहीही घालू नये. ही गोष्ट तुम्ही परीक्षेत लिहालच, पण आपल्या आजीसही सांगा.

शेवटचा मुद्दा आपल्या मातीचा. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात आपला तालुका वसला आहे आणि मूत्रपिंडाच्या विकाराने गांजलेली कुटुंबे आपल्यास परकी नाहीत. पुस्तकात लिहिलेले असते, ‘रुग्णास भरपूर पाणी द्यावे.’ परंतु ज्याचे मूत्रपिंड थकले आहे, त्यास डॉक्टरांनी ठरविलेल्या मापानेच पाणी द्यावयाचे असते, आणि प्रेमाने पाजलेले नारळपाणी त्यास घातक ठरू शकते, कारण त्यातील पोटॅशियम बाहेर टाकण्याची शक्ती त्या मूत्रपिंडात उरलेली नसते. म्हणून पोटात गेलेले पाणी व बाहेर पडलेली लघवी यांचा तक्ता हा केवळ कागद नव्हे. प्रौढ रुग्णाची लघवी तासास तीस मिलिलिटरहून कमी झाली, तर सकाळच्या फेरीची वाट न पाहता तत्काळ कळवावे. जे लिहिले नाही ते केले नाही, असेच या व्यवसायात धरले जाते.

आता मागे बसलेल्या पालकांस दोन शब्द. रात्रपाळी, परक्या माणसाची अंगसेवा, यांमुळे अजूनही काही घरांत कुजबुज होते. १८९७ च्या प्लेगात पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेविला. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने, जे १९०९ साली स्थापन झाले, परिचारिकेच्या शिक्षणाची वाट स्त्रियांस खुली केली. ज्या कामास अशा स्त्रियांनी हात घातला, त्यास कमी लेखणारे आपण कोण? आपल्या घरी कोणी अंथरुणास खिळेल, तेव्हा आपण याच मुलींच्या वाटेकडे डोळे लावून बसणार आहोत.

मुलींनो, परीक्षेपूर्वी एक स्वाध्याय करा. आपल्या गल्लीत ज्या घरी वृद्ध माणूस अंथरुणावर असेल, तेथे जा; त्यास कुशीवर कसे वळवावे हे घरच्यांस आपल्या हातांनी दाखवा आणि का ते समजावून सांगा. जे दुसऱ्यास समजावता आले, ते उत्तरपत्रिकेत विसरत नाही, हा आमच्या मास्तरकीचा अनुभव आहे. आणि कदाचित त्या घरच्या मुलास, आम्हांस जे वाक्य ऐकावे लागले, ते ऐकावे लागणार नाही.