यंत्र आपले, परवाना कोणाचा?

जुने घड्याळ बंद पडले की आपण ते घड्याळजीकडे नेतो. तो झाकण उघडतो, चाके पाहतो आणि दुरुस्ती करतो. त्यासाठी कंपनीला पत्र लिहावे लागत नाही. संगणकाचे मात्र तसे नाही. त्याचा पत्रा, तारा, पडदा आपल्या मालकीचा. पण त्याला चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम आपल्याला फक्त वापरायला दिलेली असते. आणि ती दुरुस्त करायची तर तिचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर हाती लागतो. कंपनी बहुधा तो देत नाही. यंत्राला कळणारे तयार रूप तेवढे देते.

१९८०च्या दशकात शास्त्रज्ञ आणि अभियंते यांच्यासाठी 'वर्कस्टेशन' नावाचे ताकदवान संगणक आले. पुण्यात जन्मलेले विनोद खोसला ज्या सन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, ती १९८२ साली याच व्यवसायात उतरली. आयबीएमने १९८६ मध्ये 'आरटी पीसी' आणला आणि १९९१ मध्ये बंदही केला. त्यावर विद्यापीठांसाठी 'एओएस' नावाची सिस्टिम होती. ती बर्कले विद्यापीठाच्या ४.३ बीएसडीवर बेतलेली, आणि बीएसडी मुळात एटी अँड टीच्या युनिक्सवरून वाढलेली. म्हणजे एकाच कोडवर तीन हात फिरलेले. बर्कलेचा तो कोड हवा असेल, तर आधी एटी अँड टीचा परवाना दाखवावा लागे. यंत्र भंगारवाल्याकडून शंभर रुपयांत मिळाले तरी परवाना त्याच्यासोबत येत नसे.

मग परवाना मागायचा कोणाकडे? इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मलेले युनिक्स १९९३ मध्ये नॉव्हेलकडे गेले आणि १९९५ मध्ये त्याचा व्यवसाय एससीओने घेतला. पुढे तो २००१ मध्ये कॅल्डेराकडे आला. दरम्यान ऑस्ट्रेलियातील काही हौशी मंडळींनी पुढाकार घेतला आणि जगभरातून सह्या गोळा झाल्या. त्यामुळे १९९८ मध्ये एससीओने जुन्या युनिक्सचा सोर्स कोड वैयक्तिक वापरासाठी १०० डॉलरला देऊ केला. जानेवारी २००२ मध्ये कॅल्डेराने तर सातव्या आवृत्तीपर्यंतचा कोड एका पत्राने मोफत खुला केला. सगळ्यांना वाटले, प्रश्न मिटला.

पण २०१० मध्ये अमेरिकेतील ज्यूरीने निर्णय दिला, की युनिक्सचे कॉपीराइट नॉव्हेलकडेच राहिले होते! ज्याने परवाना दिला, त्याला तो देण्याचा हक्क होता का, हा प्रश्न म्हणूनच पूर्ण मिटलेला नाही. या कोडचा वापर जगभर होतो आणि त्याला कोणी आडकाठी केलेली नाही, हा भाग वेगळा.

दुसरी गोष्ट मुदतीची. व्हीएएक्स संगणकांवर चालणाऱ्या व्हीएमएस सिस्टिमसाठी १९९७ पासून हौशी लोकांना मोफत परवाना मिळत असे. पण तो दर वर्षी नवा करून घ्यावा लागे. २०२० मध्ये कंपनीने ही योजना थांबवली. नव्या कंपनीने आपल्या आवृत्त्यांसाठी तशी योजना आणली, परंतु व्हीएएक्सवाल्यांना तिचा उपयोग झाला नाही. यंत्र धडधाकट, माणूस उत्साही, आणि तरीही परवान्याची तारीख उलटलेली!

याच्या उलट अनुभव सनच्या सोलॅरिसचा. २००५ मध्ये तिचा बराचसा कोड खुल्या परवान्याखाली आला. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि नवा कोड बाहेर देणे बंद केले. पण जे आधी दिले होते, ते परत घेता येत नव्हते. त्यावरूनच इल्युमॉस हा प्रकल्प उभा राहिला, आणि तो पुढेही चालू राहिला. परवाना कसा लिहिला आहे, यावर यंत्राचे आयुष्य ठरते, ते असे.

तुम्ही म्हणाल, जुन्या डब्यांसाठी एवढी यातायात कशाला? श्रोतेहो, त्या डब्यांत कोणाचे संशोधन, कोणाचे नकाशे, कोणाची मोजमापे अडकलेली असतात. चुंबकीय फिती वर्षागणिक खराब होतात. कायदा मात्र कॉपीराइटचे संरक्षण कित्येक दशके देतो. फीत आधी मरते, हक्क नंतर संपतो. झेरॉक्सच्या 'आल्टो' या १९७३च्या संगणकाचा कोड २०१४ मध्ये कंपनीच्या परवानगीने संग्रहालयाने प्रसिद्ध केला, तोवर चाळीस वर्षे लोटली होती. कोणी फिती जपल्या नसत्या, तर ती परवानगी कोऱ्या कागदासारखी ठरली असती.

म्हणून तुमच्या संस्थेत असे जुने यंत्र असेल, तर चार गोष्टी करा. परवान्याचे कागद यंत्रासोबतच ठेवा, भंगारात देताना ते फाडू नका. परवाना यंत्राचा, संस्थेचा की व्यक्तीचा, आणि त्याला मुदत आहे का, हे वाचून घ्या. कंपनी विकली गेली असेल, तर हक्क कोणाकडे गेले ते शोधा आणि परवानगी लेखी घ्या. आणि परवाना मुभा देत असेल, तर फितींची प्रत आजच काढा. फोनवर 'चालेल हो' म्हणणारा अधिकारी उद्या निवृत्त होतो. लेखी कागद राहतो.