मुळ्याचा कोवळा पाला

चतुर्थीच्या माटोळीसमोर उभे राहून आम्ही थंडीतल्या भाजीविषयी बोलतो आहोत, याचे हसू येईल. पण बेत आताच करायला हवा.

पेडणे-डिचोलीत भातकापणी झाली की शेतात ओल उरते. तिच्यावरच आपल्याकडे मुळा, तांबडी भाजी घेत आले. रात्री गारवा आला, दव पडू लागले, की मुळ्याचा पाला कोवळा निघतो. पेरल्यावर तीनेक आठवड्यांत विरळणीचा पाला ताटात येतो: बारीक चिरून, मीठ, हिरवी मिरची, ओले खोबरे, वर लिंबू. शिजवायचा नाही. मुळा मोहरीच्या कुळातला, म्हणून चिरताच त्याचा झणका नाकात जातो. एकदा आम्ही जानेवारी संपताना पेरला. उन्हाने पाला चरबट झाला, शेवटी गुरांनी खाल्ला.

आता भाजी बेळगावहून येते, पाला वाटेतच कोमेजतो. तिळारीचे पाणी तालुक्यात आले, तरी कापणीनंतर आमचे शेत पडीकच. यंदा नोव्हेंबरात दोन वाफे करू. चार रोपे न उपटता डिंगऱ्या वाळवून बी ठेवू. पुढच्या चतुर्थीला हवे त्यांनी मूठभर न्यावे.