यंत्राची भाषा आणि आपली मुले



"पोरीचं इंग्रजी कच्चं आहे. तिला कॉम्प्युटर काय कळणार?" असे एका वडिलांनी मला विचारले. नारायणगडाच्या परिसरातले हे कुटुंब दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाते. मुलगी दहावीला, म्हणून ती दादीजवळ राहिली. पुढे तिला संगणक विषय घेऊ द्यावा की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना जे सांगितले तेच आपल्यापुढे मांडतो.

यंत्राला इंग्रजी येत नाही. त्याला फक्त शून्य आणि एक यांच्या रूपातील आज्ञा कळतात. तशा आज्ञा लिहिणे माणसाला फार किचकट, म्हणून मधल्या भाषा निघाल्या. जॉन बॅकस यांच्या गटाची फोरट्रान 1957 सालची. या भाषांत इंग्रजी तरी किती? 1989 साली प्रमाणित झालेल्या 'सी' भाषेत राखीव शब्द अवघे 32. खरी मेहनत आहे ती व्याकरणाची.

हे व्याकरण मात्र कडक. 'जुनी पुस्तके आणि वह्या आण' म्हटले, तर वह्या जुन्या की नव्या हे आपण प्रसंगावरून ओळखतो. यंत्राला प्रसंग कळत नाही. म्हणून भाषा रचणाऱ्याने प्रत्येक वाक्याचा एकच अर्थ आधी ठरवून ठेवावा लागतो. 2 + 3 × 4 चे उत्तर 20 नसून 14 येते, ते आपण 'कंचेभागुबेव' पाठ केले म्हणून. तोच हा प्रकार. नावांचेही तसेच. 'दादी' ही हाक घरोघरी असते, पण ओ देते ती त्या घरचीच दादी. प्रोग्रॅममधले नावसुद्धा कोणत्या घरापुरते चालेल, याचा नियम असतो.

आता भाषांतर. समजा, कर्नाटकातल्या कारखान्याचा करार कानडीत आहे. तो एकदाच पुरता मराठीत लिहून घ्यावा, किंवा दुभाष्या जवळ ठेवून एकेक ओळ समजून घ्यावी. पहिला कंपायलर, दुसरा इंटरप्रिटर. पहिल्यात पुष्कळशा चुका आधीच सापडतात आणि पुढे काम भराभर होते. दुसऱ्यात लगेच सुरुवात करता येते, पण बऱ्याच चुका त्या ओळीवर पोचल्यावरच उघड्या पडतात.

तिसरी वाटही आहे. निक्लाउस विर्थ यांची पास्कल 1970 ची. ती नव्या यंत्रावर नेताना सगळा कंपायलर पुन्हा लिहावा लागू नये, म्हणून झुरिचच्या गटाने एका काल्पनिक यंत्राची भाषा मध्ये घातली. मग प्रत्येक खऱ्या यंत्रासाठी लहानसा दुभाष्या पुरे. या गटात आपले केशव नोरी होते. पुढे त्यांनी पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात काम केले. 1995 साली आलेल्या जावाची वाट हीच.

त्या मुलीला मी पायथॉन दाखवली. 2008 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तिच्यात देवनागरी नावे चालतात. मुलीने लिहिले: मजुरी = टन * दर. टन आणि दर विचारून घेण्याच्या ओळी वर होत्या. आकडे टाकले, आणि यंत्राने 'टाइप एरर' दाखवली. पोरगी घाबरली. "सर, माझं इंग्रजी चुकलं का?"

चूक इंग्रजीची नव्हती. कीबोर्डवरून आलेले 12 हे यंत्राच्या लेखी 'एक' आणि 'दोन' ही नुसती अक्षरे असतात. बारा ही संख्या नव्हे. अक्षरांना अक्षरांनी गुणणार कसे? ज्वारीच्या पोत्यात कापडाचे मीटर मिळवण्यासारखेच ते. वस्तूचा प्रकार पाहूनच क्रिया करू द्यायची, हा भाषेचा पहारा आहे. पायथॉन तो प्रोग्रॅम चालत असताना करते. सी, पास्कल बहुतांशी भाषांतराच्या वेळीच. माझ्या मते शिकणाऱ्याला आधीचा पहारा बरा, पण यावर जाणत्यांतही मतभेद आहेत.

अक्षरांची संख्या करून घेण्याची सूचना तिने घातली, आणि उत्तर आले. अब्बा सुट्टीला आले होते. त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, "इसमें उचल किधर है?"

मुलीने त्याच ओळीच्या शेवटी '- उचल' जोडले. कंस घालावा लागला नाही.