टाकलेल्या मुलाचा कर्ता



भाषेच्या माणसाने कायद्यावर का बोलावे, असे आपणांस वाटेल. कारण एवढेच की 'टाकलेले मूल' हा शब्दप्रयोग मला कित्येक वर्षे छळतो आहे. त्यात क्रिया आहे, कर्म आहे. कर्ता मात्र नाही.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती पुढे सौम्य झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले, आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून त्याला उत्तर दिले. येथे इंदुरात हा ग्रंथ शिकवीत असता एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्या मुलाचे वडील कोठे होते?" मी निरुत्तर झालो.

बारा वर्षांखालील मुलास कायमचे टाकण्याच्या हेतूने कोठेही सोडणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, असे दंड संहितेचे कलम ३१७ सांगत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ९३ तेच सांगते. मूल दगावले तर खुनाचा वा सदोष मनुष्यवधाचा खटलाही चालू शकतो. कलमात माता आणि पिता दोघेही आहेत. परंतु कायदा मूल खाली ठेवणारा हात धरतो. जन्माआधीच निघून गेलेल्या पुरुषाने कोठे काही ठेवलेलेच नसते! बाळंतपणाची खूणही त्याच्या देहावर नसते.

म्हणून शिक्षा नको, असे मी म्हणत नाही. थंडीत नाल्याकाठी अर्भक सोडणे हा त्या जिवाविरुद्धचा अपराधच होय. पण जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, ते शिक्षेच्या आधीचा प्रश्न ओळखून: या बाईने जावे कोठे? अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला.

२०१५ च्या बालन्याय अधिनियमाने तीच वाट रुंद केली आहे. असहाय माता-पित्यांना मूल बालकल्याण समितीच्या स्वाधीन करता येते. फेरविचारास दोन महिने मिळतात. आटोक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे झालेला त्याग त्या अधिनियमाचे कलम ७५ हेतुपुरस्सर मानीत नाही. हे दार आहे; पण ज्यांनी ते ठोठवावे त्यांनाच ते ठाऊक नसते. शाळांनी हे सांगावयास हवे, मुलींना आणि मुलांनाही.

माजी विद्यार्थ्यांनो, यापुढे 'निर्दयी माता' असा मथळा वाचाल तेव्हा त्या वाक्यातला दुसरा कर्ता शोधा. माझ्या विद्यार्थिनीला मी न दिलेले उत्तर आपणाकडे सोपवून मी आपली रजा घेतो.